डॉक्टर येतो, पण एकटा येतो

झरी जामणी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यानं विचारलं आहे: "आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) चार वर्षांत सहा डॉक्टर बदलले. इमारत नवी आहे, औषधं असतात, दिवसा सिस्टर असते, पण रात्री डॉक्टर नाही. सरकार नवीन मेडिकल कॉलेजं काढून राहिलं, बाँड लावून राहिलं, तरी डॉक्टर गावात काऊन टिकत नाही? येत्या महिन्यात नवीन मॅडम येणार म्हणतात. आम्ही गावानं काय करावं?"

भाऊ,

चार वर्षांत सहा डॉक्टर, हे तुम्ही मोजून ठेवलंत ते फार बरं केलं. आमच्या खात्यात रिक्त पदांचा तक्ता दर महिन्याला वर जातो. त्यात तुमच्या केंद्रासमोर बहुतेक वेळा 'मंजूर २, भरलेली २' असंच लिहिलेलं असेल. त्या दोघांतला एक प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरता दुसरीकडे पाठवलेला, जिल्ह्याला असतो. दुसरा शेजारच्या केंद्राचा प्रभार सांभाळतो, शिबिराला जातो, कोर्टाच्या समन्सला जातो. तक्ता भरलेला दिसतो आणि रात्री अडीच वाजता दारात उभ्या असलेल्या माणसाला डॉक्टर भेटत नाही. म्हणून तुमचा आकडा मला त्या तक्त्यापेक्षा खरा वाटतो.

मी सव्वीस वर्षं सरकारी वैद्यकीय अधिकारी होते. पहिली बरीचशी मेळघाटात, मग यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत, शेवटची सहा तालुका आरोग्य अधिकारी म्हणून. डॉक्टर म्हणून मी केंद्रावर राहिले आणि अधिकारी म्हणून इतरांना केंद्रावर राहायला सांगितलं. या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत असं झालं की गावातून डॉक्टर जातो तो बहुतेक वेळा गावाला कंटाळून जात नाही. तो एकटा पडतो म्हणून जातो. पगार, शहराची ओढ, मुलांची शाळा ही कारणं खरी आहेत आणि त्यांच्याकडे मी येते. पण राजीनामा लिहायला बसवते ती एखादी रात्र असते. माझी तशी रात्र आधी सांगते.

२००९ चा सप्टेंबर. मेळघाटातल्या केंद्रावर दुसऱ्या एमओचं, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याचं, पद रिकामं होतं, मी एकटीच. १०८ ची गाडी तेव्हा राज्यात सुरू झालेली नव्हती, केंद्राची जीप आणि एक ड्रायव्हर होता. पहाटे चारच्या सुमारास एक कोरकू कुटुंब अकरा वर्षांच्या मुलीला उचलून घेऊन आलं. आईला मराठी येत नव्हतं. आमची सिस्टर कोरकूत बोलली आणि मला म्हणाली, पोट दुखतं म्हणतात, मध्यरात्रीपासून. ताप नाही, जुलाब नाही, पोट हाताला मऊ. गोळी देऊन बसवलं असतं तरी कुणी मला दोष दिला नसता. पण मुलगी माझ्याकडे बघायला मान मागे टाकत होती. पापण्या उचलतच नव्हत्या, म्हणून ती डोकं उचलत होती. सिस्टरला म्हटलं, विचार, ही कुठे झोपली होती? जमिनीवर, गोधडीवर.

मण्यार अशीच चावते. रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, आणि दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूज येत नाही, दुखतही नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. मी पायापासून केसांपर्यंत शोधलं, खूण मिळाली नाही. तरीही सर्पदंशाच्या लसीच्या दहा कुप्या लावल्या. निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपीन देऊन पाहिलं. मण्यारच्या विषात त्याचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हाही झाला नाही. पाच वाजता तिचा श्वास उथळ झाला. आता तिला श्वास देणारं यंत्र हवं होतं आणि ते अमरावतीला होतं. घाट उतरून परतवाडा, तिथून पुढे अमरावती.

त्याच वेळी आत लेबर रूममध्ये पहिलटकरीण होती, गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं, हिमोग्लोबिन फक्त सात.

कुणाबरोबर थांबायचं? मुलीला सोडलं तर ती रस्त्यात मरणार हे नक्की. बाळंतिणीला सोडलं तर कदाचित काहीच होणार नाही, कदाचित रक्तस्राव होईल. मी मुलीबरोबर गेले. जीपच्या मागच्या बाकावर सव्वातीन तास मी आणि तिचा काका आळीपाळीनं अँबू बॅग, म्हणजे हातानं श्वास देणारी पिशवी, दाबत होतो. त्याला मराठी अंक येत होते. एक, दोन, तीन, दाब. एक, दोन, तीन, दाब. घाटात वळणावर त्याचा हात सुटला की मी माझा ठेवायचा. मुलगी वाचली. अकराव्या दिवशी चालत घरी गेली.

इकडे बाळंतपणानंतर रक्त थांबेना. आमच्या सिस्टरनं ऑक्सिटोसिन दिलं, एका हातानं गर्भाशय चोळत राहिली, दुसऱ्या हातानं सलाईन बदललं, आणि तास-दीड तासानं रक्त थांबलं. ती बाईही वाचली. त्या सिस्टरचं नाव इथं लिहीत नाही, तिला आवडणार नाही, पण तिच्याइतकी हिंमत मी फार थोड्या डॉक्टरांत पाहिली.

त्याच दिवशी अकरा वाजता वरून तपासणीचं पथक आलं. वैद्यकीय अधिकारी मुख्यालयी आढळून आल्या नाहीत, असा शेरा लिहून गेलं. आठवड्यानं कारणे दाखवा नोटीस आली. मी त्याच रात्री राजीनामा लिहिला. दोन ओळींचा होता.

तो मी दिला नाही, त्याचं कारण शेजारच्या केंद्राचा डॉक्टर. तिथं मानधनावर काम करणारा एक बीएएमएस झालेला मुलगा होता, दुर्गम पाड्यांवर जाणाऱ्या भरारी पथकाचा. नोटीस आल्याचं त्याला कळलं तेव्हा तो मोटरसायकलवर अठ्ठावीस किलोमीटर आला आणि म्हणाला, मॅडम, दोन रात्री तुम्ही झोपा, तुमची ओपीडी आणि कॉल मी बघतो. मी दोन रात्री झोपले. तिसऱ्या दिवशी नोटिशीला उत्तर लिहिलं, दोन्ही केसपेपर जोडले, आणि पुढे तिथंच सहा वर्षं काढली. दुसरा डॉक्टर दोन रात्रींसाठी आला म्हणून सरकारला एक डॉक्टर सहा वर्षं मिळाली. माझं सगळं म्हणणं यातच आलं.

आता तुमच्या प्रश्नातल्या कॉलेजांबद्दल. देशात २०१४ च्या आधी एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांच्या आसपास होत्या, दहा वर्षांत त्या दुपटीच्या पुढे गेल्या. आपल्या विदर्भातच पाहा. नागपूरचं मेडिकल १९४७ चं, मग मेयो, सेवाग्राम १९६९, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, २०१८ पासून नागपूरचं एम्स, आणि २०२४ मध्ये अमरावती, गडचिरोली, भंडारा, बुलढाणा, वाशीम अशी पाच सरकारी कॉलेजं एकदम. डॉक्टर तयार होत आहेत. मी त्याच्या विरोधात नाही, जिल्ह्याच्या गावी मोठं रुग्णालय झालं की आमची रेफर केलेली केस दोनशे किलोमीटर फिरत नाही. पण एमबीबीएस झालेला मुलगा आज स्वतःला पूर्ण डॉक्टर मानत नाही, आणि त्याला तसं मानू देणारं कुणी नाही. इंटर्नशिपचं वर्ष तो नीट पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासात घालवतो. माझ्याकडे रुजू झालेल्या कितीतरी मुलामुलींनी तोवर एकही बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं नव्हतं. मोठ्या रुग्णालयात वर रजिस्ट्रार असतो, त्याच्यावर लेक्चरर, त्याच्यावर प्रोफेसर. तिथून उठून हे पोर एकदम अशा ठिकाणी येतं जिथं त्याच्या वर कुणीच नाही. भीती वाटणारच. ती लपवायला तो सगळं रेफर करतो, गाव म्हणतं याला काही येत नाही, आणि नीट पीजीची कौन्सेलिंग सुरू झाली की तो निघून जातो. दरवर्षी त्या दिवसांत तालुक्यातली केंद्रं रिकामी होताना मी पाहिली आहेत.

बाँडचंही तसंच. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सेवा, नाहीतर दहा लाख रुपये दंड, असा नियम चालत आला. पीजीला तोच आकडा पन्नास लाख. बाँडमुळे माणूस येतो हे खरं आहे, आणि मी अनेक बाँडवाल्यांकडून उत्तम काम करून घेतलं आहे. पण एका वर्षात काय होतं? पहिले तीन महिने रस्ते आणि माणसं कळायला जातात. शेवटचे तीन महिने मन पुढच्या परीक्षेत असतं. मधले सहा महिने गावाला डॉक्टर असतो. तुमच्याकडे सहाजण कसे बदलले याचा हिशेब इथंच लागतो.

सतत बदलणाऱ्या डॉक्टरला गाव दिसत नाही. २०१७ चा पावसाळा तुमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यात फवारणी, आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो दवाखान्यात. फवारणीचं विष अंगात गेलेला माणूस पहिल्या दिवशी डोळे चुरचुरतात, अंधुक दिसतं, मळमळतं, एवढंच सांगतो. त्याला कोण ओळखणार? ज्यानं मागच्या श्रावणात याच गावात असे चार पाहिले तो. जो जूनमध्ये आला आणि ज्याला कपाशीवर काय फवारतात हेही ठाऊक नाही, तो डोळ्यात टाकायला थेंब देईल. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोरांचंही हेच आहे. हातपाय दुखतात म्हणून रडणारं पोर नवीन डॉक्टरला हट्टी वाटतं. जुन्या डॉक्टरला त्याच्या आईचाही रिपोर्ट माहीत असतो.

ग्रामीण रुग्णालयाचं दुखणं पीएचसीपेक्षा मोठं आहे, आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात. नियमानं सपाट भागात ३० हजार वस्तीला आणि आदिवासी भागात २० हजारांना एक पीएचसी. त्यावर १ लाख २० हजार किंवा ८० हजारांना एक ग्रामीण रुग्णालय, तीस खाटांचं. तिथं सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असावेत अशी अपेक्षा आहे. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरात या पातळीवर लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के कमी होते. सर्जन ८३ टक्के, बालरोगतज्ज्ञ जवळजवळ ८२ टक्के.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते. तालुक्याला एक स्त्रीरोगतज्ज्ञ मिळते. पेढे वाटले जातात, पेपरात बातमी येते. पण भूलतज्ज्ञ नाही. भूल नाही तर सिझेरियन नाही. भूलतज्ज्ञ मिळाला तर रक्त साठवायचा फ्रीज बंद. म्हणजे ऑपरेशन करण्यासाठी शिकलेली बाई वर्षभर गर्भवतींची तपासणी करते आणि अडलेली प्रत्येक केस पुढे पाठवते. वर्षभरानं तिलाच वाटायला लागतं की आपला हात बसला. मी अशा दोघींना जाताना पाहिलं. दोघीही रडत गेल्या, कुणीही पैशासाठी गेली नाही. एका तालुक्यात एकाच तज्ज्ञाची नेमणूक करणं म्हणजे त्याला बिनकामाचं बसवणं आहे. तीन तालुक्यांत तीन तज्ज्ञ विखरून ठेवण्यापेक्षा तिघांना एका उपजिल्हा रुग्णालयात एकत्र ठेवा, रक्ताची सोय करा, आणि बाकी दोन तालुक्यांतून तिथं पोचवणारी गाडी पक्की करा. हे मी बैठकांत अनेकदा मांडलं. प्रत्येक तालुक्याला 'आपला' तज्ज्ञ हवा असतो, म्हणून ते पुढे सरकत नाही. तुमच्या लोकप्रतिनिधींना हे तुम्हीच सांगू शकता, माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

एमबीबीएस डॉक्टरला काही महिन्यांत जीव वाचवण्यापुरती भूल द्यायला शिकवण्याचं प्रशिक्षण आहे. मी पाठवलेल्यांपैकी एकजण ते करून आला आणि आला तशी त्याची बदली झाली, जिथं ऑपरेशन थिएटरच नाही अशा केंद्रावर. बदलीच्या यादीत माणसाचं पद दिसतं, त्याचा हात काय शिकला ते दिसत नाही.

पगाराबद्दल थोडक्यात. कायम डॉक्टरचा पगार आज वाईट नाही. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात २००२ च्या शासन निर्णयानं एकस्तर वेतन (एक पायरी वरच्या पदाचं) मिळतं आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता, पण त्या भत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला १५०० रुपये ठेवलेली होती. एटापल्ली-भामरागडला राहण्याची किंमत एवढी धरली, तर त्यावर बोलण्यासारखं उरत नाही. खरा अन्याय कंत्राटी आणि मानसेवी डॉक्टरांवर होतो. मेळघाट, गडचिरोलीतला दुर्गम पाडा आज कुणाच्या जिवावर चालतो? भरारी पथकातल्या बीएएमएस डॉक्टरांच्या आणि सिस्टरांच्या. त्यांचं मानधन महिनोन्महिने अडकतं, त्यांना कायम होण्याची आशा दाखवली जाते आणि वर्षं जातात. माझी नोकरी वाचवणारा तो मुलगा चाळिशी ओलांडेपर्यंत मानधनावरच होता.

कुणी म्हणेल, हेमलकशात १९७३ पासून आमटे राहिलेच ना? बैरागडला कोल्हे डॉक्टर पती-पत्नी राहिले, उतावलीला सातव डॉक्टर राहिले, गडचिरोलीत बंग दांपत्य १९८६ पासून आहे. राहिले, आणि या सगळ्यांसमोर माझी मान झुकते. पण पाहा, हेमलकसा, बैरागड, गडचिरोली, सगळीकडे दोघं होते. नवरा-बायको दोघंही डॉक्टर, रात्री विचारायला घरात दुसरं माणूस. सरकारी सेवेत 'पती-पत्नी एकत्रीकरण' नावाचा नियम आहे, आणि तरी एकाला अहेरी आणि दुसऱ्याला वरोरा मिळाल्याची उदाहरणं मला तोंडपाठ आहेत. शिवाय राज्यातल्या शेकडो केंद्रांना असे त्यागी मिळणार नाहीत, आणि मिळावेत अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. केंद्र असं हवं की साधा, बरा, आई-वडिलांची काळजी असलेला, मुलांना शाळेत घालायची असलेला डॉक्टर तिथं चार-पाच वर्षं नीट काम करू शकेल.

बंग दांपत्याच्या कामातून मी एक वेगळी गोष्ट शिकले. त्यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाला श्वास द्यायला, उबेत ठेवायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जातात, दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा वेळा, घरी झालं तर सात वेळा. म्हणजे जे काम डॉक्टरशिवाय होऊ शकतं ते डॉक्टरच्या डोक्यावरून उतरवता येतं. झटके येणाऱ्या गर्भवतीला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, सिस्टर देऊ शकते आणि तिनं द्यावा असं सरकारचंच धोरण आहे. माझ्या तालुक्यात मी दर तीन महिन्यांनी प्रत्येक सिस्टरकडून हे हातानं करून घेत असे. ज्या केंद्रात सिस्टर भक्कम असते तिथं डॉक्टर टिकतो. मी जिथं जिथं पाहिलं तिथं हेच पाहिलं. कारण तो एकटा नसतो.

तालुक्याची सूत्रं हातात आल्यावर मी तीन गोष्टी केल्या, त्यातल्या दोन जमल्या. पहिली, शेजारच्या दोन-दोन केंद्रांच्या जोड्या लावल्या. एका केंद्राचा डॉक्टर रजेवर गेला किंवा रुग्णाबरोबर गाडीत बसला की जोडीदार केंद्राला फोन जायचा आणि तिथला डॉक्टर त्या रात्री दोन्ही कॉल बघायचा. हे आधीपासून ठरलेलं आणि रजिस्टरवर लिहिलेलं, म्हणजे नंतर नोटीस नाही. दुसरी, जिल्ह्याच्या गावातल्या एका फिजिशियननं आणि एका बालरोगतज्ज्ञानं रात्री फोन उचलायचं कबूल केलं. नुसता फोन. 'सर, पापण्या पडल्यात, खूण नाही, लस लावू का?' 'लाव. मी जागा आहे, वीस मिनिटांनी परत कर.' या एका वाक्यानं बाँडवाल्या पोरांचं रेफर करण्याचं प्रमाण किती उतरलं ते मी माझ्या रजिस्टरमध्ये बघत होते. त्यातल्या दोघांनी बाँड संपल्यावर आणखी एकेक वर्ष मागून घेतलं. तिसरी गोष्ट, प्रतिनियुक्त्या रद्द करून माणसं मूळ केंद्रावर आणणं. ती मला जमली नाही. प्रत्येक प्रतिनियुक्तीमागे कुणाचा तरी फोन असतो.

पीजीचा मार्गही खुला ठेवावा लागेल. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा राखण्याचा अधिकार राज्यांना आहे, आणि २०२२-२३ च्या प्रवेशात महाराष्ट्रानं २० टक्के जागा तशा ठेवल्या. मला हा उपाय दंडापेक्षा कितीतरी चांगला वाटतो. दुर्गम केंद्रावर तीन वर्षं काढलेल्या मुलाला जागा मिळते आणि तो परत आला तर तालुक्याला तज्ज्ञ मिळतो. सेवाग्रामला पीजी करायचं तर आधी दोन वर्षं खेड्यात काम, ही अट कित्येक वर्षं चालत आली. ते शक्य आहे हे विदर्भातच दिसलेलं आहे.

आता तुम्ही काय करावं. तुम्हाला मी सरकार बदलायला सांगत नाही, तुमच्या हातातलं सांगते.

नव्या मॅडमचं क्वार्टर आजच जाऊन बघा. मी तालुक्यातली सगळी क्वार्टर्स फिरले होते. एकात छताखाली दोन बादल्या ठेवलेल्या. एकात नळ होता, टाकीच नव्हती, आणि डॉक्टरबाई सकाळी सहाला हापशीवर रांगेत उभ्या. एकात संडासच्या दाराला आतून कडी नव्हती, आत जाताना मुलगी दोरी बांधायची. वर पत्रं पाठवून वर्ष झालं होतं. ती कडी शेवटी गावच्या सुतारानं अर्ध्या तासात लावून दिली. रुग्ण कल्याण समितीकडे थोडा निधी असतो आणि तुमचा तालुका आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्यात येत असेल तर ग्रामपंचायतीकडे पाच टक्के अबंध निधी येतो, आरोग्याच्या कामाला तो वापरता येतो. ठराव घ्या, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर, दाराच्या कड्या, पॅसेजमधला दिवा. एकटी राहणारी मुलगी रात्री दीडला क्वार्टरमधून दवाखान्यात चालत येते, ते पन्नास पावलांचं अंतर उजेडात असलं पाहिजे.

तिच्यावर हात उगारू देऊ नका. २०१० चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण कायदा दुसऱ्या दिवशी येतो. रात्री पिऊन आलेल्या माणसाला आवरायला गावचीच दोन माणसं लागतात. पोलीस पाटलाशी बोलून ठेवा. आणि सलाईन-इंजेक्शन मागू नका. ताप आलेल्या माणसाला गोळी दिली की 'या मॅडमला काही समजत नाही' म्हणत लोक त्याच संध्याकाळी इंजेक्शन टोचणाऱ्या बिनडिग्रीवाल्याकडे जातात, हे मी प्रत्येक गावात पाहिलं आणि दर वेळी नवीन डॉक्टरचं तोंड उतरलेलं पाहिलं.

जाब मात्र विचारा. अमरावती जिल्ह्यात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली, जनसुनवाईत बायका उभ्या राहून औषध का नाही म्हणून विचारायच्या. मी तिथं खुर्चीवर बसून उत्तरं दिली आहेत. अवघड जायचं, पण त्यामुळे वरून औषध यायचं, कारण माझ्या पत्राला नसायचं ते वजन त्या बायकांच्या शब्दाला होतं. फक्त प्रश्न बरोबर माणसाला विचारा. 'मॅडम, तुम्ही रात्री का नव्हत्या?' असं विचारण्याआधी वर विचारा की दुसरं पद कुठे आहे, ते प्रतिनियुक्तीवर कुणाकडे आहे, आणि १०८ बरोबर डॉक्टर गेला की मागे कोण असतं. ग्रामसभेच्या ठरावात हे तीन प्रश्न लिहून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा आणि उत्तर लेखी मागा.

मॅडम रुजू होतील त्या दिवशी हार-तुरे, भाषण काही नको. त्या बहुतेक एकट्याच, फार तर वडिलांबरोबर येतील. त्या रात्रीचं जेवण कुणाच्या तरी घरून जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर आशाताईला सोबत देऊन कोलाम पोडापर्यंतचा (वस्तीपर्यंतचा) रस्ता दाखवा, कुठल्या ओढ्याला पावसात किती पाणी चढतं ते सांगा, गावात गाडी असलेल्या चार जणांचे नंबर कागदावर लिहून द्या. आणि तुमच्या गावात साप, फवारणी, सिकलसेल यांच्या गेल्या दोन वर्षांत कोणत्या केसेस झाल्या, कोण कुठे राहतं, हे जुन्या सिस्टरकडून त्यांच्या वहीत उतरवून घ्या. आधीच्या सहाजणांपैकी कुणालाही ते कुणी सांगितलं नसेल.